माझ्याच लेखाचा खुलासा

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी नागपुरात एका सरकारी कचेरीत कारकून होतो आणि दर रविवारी एका दैनिकात समाजाची टिंगल करत होतो. दोन्ही कामं मी सारख्याच निष्ठेने करायचो. फरक इतकाच, की कचेरीत माझं नाव होतं आणि काम नव्हतं, वर्तमानपत्रात काम होतं आणि नाव नव्हतं. सरकारी नोकराने परवानगीशिवाय छापून आणू नये असा नियम होता, म्हणून टोपणनाव घेणं भाग पडलं. त्या काळी विनोदी लिहिणारा प्रत्येक जण एखाद्या टोचणाऱ्या हत्याराचं नाही तर चावणाऱ्या किड्याचं नाव घ्यायचा. चांगली हत्यारं आधीच लोकांनी पळवली होती. मी एका किड्यावर समाधान मानलं.

खरं तर मी कवी व्हायला निघालो होतो. कवितांची वही घेऊन महाल भागातल्या एका संपादकांकडे गेलो. ते बनियन घालून प्रूफं तपासत बसले होते. मी वाट पाहताना सहज कचेरीच्या कटकटी सांगत होतो: एका टाचणीसाठी तीन सह्या कशा लागतात, आमचे मोठे बाबू जांभई देतानाही तोंडासमोर फाइल कशी धरतात. संपादक हसायला लागले. मग त्यांनी वही उघडली, दोन कविता वाचल्या आणि त्यांचं हसू थांबलं. वही परत देत म्हणाले, "हे घरी ठेवा. मघाशी बोलत होता ते लिहून आणा." मराठी कवितेची यापेक्षा मोठी सेवा माझ्या हातून झालेली नाही.

तर त्या वर्षीची ताट्यांची गोष्ट.

आमचे साहेब कोकणातले. नागपूरची बदली ते शिक्षेसारखी भोगत होते. माणूस वाईट नव्हता. मोठ्याने हसायचा, कुणाच्या घरी लग्नकार्य असलं की रजा लगेच मंजूर करायचा. पण मार्च लागला की त्यांचा चेहरा उतरायचा. खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावायच्या, त्यांच्यावर पाणी मारत राहायचं, म्हणजे बाहेरची झळ आत गार होऊन येते, ही आमच्याकडची जुनी सोय. साहेबांनी फेब्रुवारीतच ताट्यांची मागणी वरच्या कचेरीला पाठवली.

वरून विचारणा आली: मागील वर्षीच्या ताट्यांचे काय झाले? आम्ही खरं ते कळवलं, की आवारात बांधून ठेवलेल्या ताट्या गाईने खाल्ल्या. पंधरा दिवसांनी दुसरी विचारणा आली: सदर गाय शासकीय होती की खाजगी? एप्रिल गाईत गेला. मे महिन्यात खिडक्यांची मापं मागवली, जूनमध्ये ती इंचात का दिली, मीटरमध्ये का नाही, असं विचारलं. साहेब ओला पंचा डोक्यावर घेऊन सह्या करायचे. अखेर जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ताट्या आल्या. बाहेर तीन दिवसांची झड लागलेली. सोबत हुकूम होता, की ताट्या तात्काळ बसवून, दिवसातून चार वेळा पाणी शिंपडून, पंधरा दिवसांत अनुपालन अहवाल सादर करावा.

साहेबांनी तो वाचला, खिडकीबाहेरच्या पावसाकडे पाहिलं आणि म्हणाले, "लावा."

आमचा शिपाई भिवापूरकडचा, पन्नाशी ओलांडलेला. आम्ही सगळे त्याला भाऊ म्हणायचो. दिवसातून चार वेळा भाऊ एका हातात छत्री धरून दुसऱ्या हाताने टमरेलाने भिजलेल्या ताट्यांवर पाणी मारायचा. मधल्या वेळात व्हरांड्यातल्या स्टुलावर बसायचा आणि बसल्या बसल्या झोपायचा.

असा विषय समोर चालत आल्यावर मी काय करणार होतो? त्या रविवारचा लेख मी एका बैठकीत लिहिला. गाय लिहिली, मीटर लिहिलं, छत्री लिहिली. आणि एक परिच्छेद भाऊच्या झोपेवर लिहिला. मांडीवर टमरेल, तोंड उघडं, आणि एक माशी दौऱ्यावर आलेल्या अधिकाऱ्यासारखी आधी मिशीची पाहणी करते, मग नाकाकडे जाते, तिथे थोडा वेळ मुक्काम करते आणि शेवटी काही शेरा न मारता निघून जाते. त्या परिच्छेदावर मी फार खूश होतो. बायकोला वाचून दाखवला. ती एका शाळेत शिकवायची, माझं पहिलं वाचन तिच्यासमोर व्हायचं. ती गाईवर हसली, छत्रीवर हसली, माशीवर हसली नाही. मला वाटलं, शाळेतून थकून आली असेल.

सोमवारी कचेरीत मोठ्या बाबूंनी तो लेख मोठ्याने वाचला. आपलं लिखाण दुसऱ्याच्या तोंडून, आपल्याला लेखक म्हणून न ओळखणाऱ्या लोकांत बसून ऐकण्यासारखं सुख नाही. माशीच्या परिच्छेदाला तर लोकांनी टेबलं बडवली. भाऊ चहाचे कप गोळा करत होता. तोही हसला. लोकांनी बाबूंना तो परिच्छेद तिसऱ्यांदा वाचायला लावला, तोपर्यंत भाऊ बाहेर गेला होता.

आवाज ऐकून साहेबांनी अंक आत मागवला. दाराच्या फटीतून त्यांचं ते मोठं हसू ऐकू येत होतं. थोड्या वेळाने त्यांनी मोठ्या बाबूंना बोलावून सांगितलं, "समोरच्या कचेरीची काय मस्त काढली आहे हो! मी नेहमी म्हणतो, तिथला कारभार असाच."

याचं मला पुढे कधी नवल वाटलं नाही. इतकी वर्षं लिहिलं, पण ज्याच्यावर लिहिलं तो मनुष्य मला येऊन "हे माझ्यावर आहे" म्हणाला, असं क्वचितच घडलं. उलट तो टाळी देऊन म्हणतो, शेजाऱ्याची बरी जिरवली. समाजाचे दोष दाखवणाऱ्या लेखकाला समाज नेहमी पाठिंबा देतो, कारण समाज म्हणजे शेजारी, असं प्रत्येकाला मनापासून वाटत असतं.

दुपारी वरच्या कचेरीतून फोन आला आणि साहेबांना समोरची कचेरी कुठली ते कळलं. त्यांचा चेहरा मे महिन्यातल्यासारखा झाला. त्यांनी मला बोलावलं.

"तुमच्यासारखा मसुदा इथं कुणाला जमत नाही," ते म्हणाले. "या बाष्कळ लेखाचा खुलासा तयार करा. पण सौम्य नको. त्या लेखकाची बोलती बंद झाली पाहिजे."

मी "हो साहेब" म्हणालो. दुसरं काय म्हणणार? जागेवर आलो, कागद ओढला आणि माझी बोलती बंद करायला बसलो.

तो खुलासा मी अगदी प्रामाणिकपणे लिहिला. एकही चेष्टेचा शब्द नाही. आमची जी रोजची सरकारी मराठी, तिच्यात लिहिला. 'सदर ताट्या जुलै महिन्यात बसविण्यात आल्या हे वृत्त अंशतः खरे आहे. तथापि त्या पावसाने भिजल्या हे म्हणणे निराधार असून, त्या नियमानुसार शासकीय पाण्यानेच भिजविण्यात आल्या आहेत. गाईबाबतची चौकशी पूर्ण झाली असून गाय खाजगी असल्याचे निष्पन्न झाले आहे.' साहेबांनी दोनदा वाचला, 'निष्पन्न' या शब्दाखाली समाधानाने बोट फिरवलं आणि सही केली.

संपादकांनी तो पहिल्या पानावर चौकटीत, एक अक्षर न बदलता छापला. माझ्या लेखावर गल्लीतले लोक हसले होते. खुलाशावर सगळं शहर हसलं. धरमपेठेत मी रोज जिथे भाजी घ्यायचो तो माणूस पालकावर पाणी मारत गिऱ्हाइकांना सांगायचा, "शासकीय पानी आहे जी, भेसळ नाही." मी सहा वर्षं घासून जे विनोद लिहिले, त्यांच्यापेक्षा गंभीरपणे केलेलं नोकरीतलं काम जास्त विनोदी निघालं, हे पचवायला मला जड गेलं. साहेब मात्र खूश होते. "बघा, त्या माणसाला उत्तर देता आलं नाही," असं त्यांनी मला दोनदा सांगितलं.

इथे हे संपलं असतं तर मी ते आयुष्यभर मैफलीत सांगत फिरलो असतो. पण पुढच्या आठवड्यात वरून पत्र आलं: लेखात निदर्शनास आलेल्या अनियमिततेबाबत कोणती कारवाई केली?

साहेबांनी आणि मोठ्या बाबूंनी लेख समोर ठेवून अनियमितता शोधायला सुरुवात केली. फेब्रुवारीची मागणी नियमाने गेली होती. विचारणा नियमाने आल्या होत्या. मीटर नियमाने मागितले होते. पावसात पाणी मारणं हा तर हुकूमच होता. सगळ्या लेखात नियमाबाहेरची गोष्ट एकच सापडली: एक कर्मचारी कामाच्या वेळेत झोपला होता.

भाऊला कारणे दाखवा नोटीस द्यायचं ठरलं. उत्तर समाधानकारक नसेल तर चांद्याच्या पलीकडे, जंगलातल्या एका उपकचेरीत बदली. नोटिशीचा मसुदा माझ्याकडे आला. मी तोही केला. हे लिहिताना आज लाज वाटते, तेव्हा फक्त अस्वस्थ वाटलं. नोटीस टाइप होऊन गेली, आणि संध्याकाळी कचेरी सुटायच्या वेळी भाऊ तोच कागद घेऊन माझ्या टेबलापाशी आला. कचेरीत कुणालाही अर्ज, उत्तर, रजेची चिठ्ठी लिहायची असली की माझ्याकडे यायची पद्धत होती.

"बाबूजी, याचं उत्तर लिहून द्या," तो म्हणाला.

लेख मी लिहिला होता, खुलासा मी लिहिला होता, नोटीस मी लिहिली होती. आता उत्तरही. मी त्याला समोरच्या खुर्चीवर बसवलं. तो बसायला तयार नव्हता, पण बसला.

"भाऊ, काय लिहू? झोपलो नव्हतो असं लिहू?"

"झोपलो तं होतो. तुम्ही पायलं ना."

मी म्हणालो, "मी? मी कुठं..."

"बाबूजी," तो हळू आवाजात म्हणाला, "ते माशीचं लिहिलं हाये. स्टुलावरचं माझं तोंड या कचेरीत एकाच टेबलावरून दिसते. ह्या." त्याने माझ्या टेबलावर बोट ठेवलं.

तीन आठवडे कचेरीतले वीस पदवीधर लेखक कोण याच्या पैजा लावत होते आणि या माणसाला पहिल्याच सोमवारी कळलं होतं.

"मग तुम्ही सांगितलं का नाही कुणाला?"

"सांगून काय करू? मजा आली वाचून. गाईचं बेस लिहिलं. मी बी हासलो." त्याने नोटीस टेबलावर ठेवली. "पण एक गोष्ट हाये जी. मी झोपतो ते तुम्ही लिहिलं. काहून झोपतो ते नाही लिहिलं."

"का झोपता?"

"तुमाले ठाऊक नाही?"

मला ठाऊक होतं. म्हणजे कचेरीत सगळ्यांनाच ठाऊक होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. साहेबांच्या बंगल्यावर नळ पहाटे चारला यायचा आणि पाण्याला जोर नसायचा. भाऊ इतवारीपलीकडून सायकल मारत चारला तिथे पोचायचा, टाकी भरायचा, कूलरमध्ये पाणी टाकायचा, बगिच्याला पाणी घालायचा, भाजी आणून द्यायचा आणि दहाला कचेरीत ताट्यांवर पाणी मारायला हजर व्हायचा. दीड वर्ष हे चाललं होतं. पावसाळ्यातही सुटी नव्हती.

"हे तुम्ही लिहिलं असतं," भाऊ म्हणाला, "तं मले नोटीस नसती आली. तुमाले आली असती." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. हिशेब सांगावा तसं त्याने सांगितलं.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. तिने पोळी तव्यावरून उतरवली आणि म्हणाली, "अहो, तुम्ही वरच्याला गुदगुल्या केल्या आणि खालच्याला चिमटा काढला. त्या दिवशी वाचलंत तेव्हाच मला ती माशी आवडली नव्हती."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुम्ही इतके खूश होता की सांगून उपयोग नव्हता. लेखक लोक खूश असले की बहिरे असतात."

मी रागावलो नाही, कारण रागावण्याइतकं काही बाकी राहिलं नव्हतं. जेवण झाल्यावर भाऊच्या उत्तराचा मसुदा करायला बसलो. पुन्हा तीच सरकारी मराठी. 'मी कार्यालयीन वेळेत झोपलो हे मला मान्य आहे. पहाटे चार ते सकाळी साडेनऊ या वेळेत मी मा. साहेबांच्या निवासस्थानी पाणी भरणे, बागेस पाणी देणे व भाजी आणणे ही कामे करीत असतो. सदर कामे कोणत्या नियमान्वये शासकीय आहेत व ती शासकीय असल्यास माझी कार्यालयीन वेळ कोणत्या वाजता संपते, याबाबत मार्गदर्शन व्हावे, ही विनंती.'

दुसऱ्या दिवशी ते भाऊला वाचून दाखवलं. त्याने 'मार्गदर्शन व्हावे' पुन्हा वाचायला लावलं आणि मान हलवली.

"सई मी करतो," तो म्हणाला. "पन माझ्या एकट्याच्या डोक्यावर नका ठिवू. तुम्ही बी जाऊन सांगा."

म्हणून आम्ही दोघं आत गेलो. मी आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो. सरळ सांगून टाकलं, "साहेब, तो ताट्यांचा लेख मी लिहिला होता."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते त्यांचं नेहमीचं मोठं हसू हसले. "तुम्ही? छे हो! मी तुमचा खुलासा वाचलाय. त्या माणसाला विनोदबुद्धी आहे. तुमच्यासारखा रुक्ष माणूस गाईवर असं काय लिहिणार!" मग जरा मायेने म्हणाले, "शिपायाला वाचवायला अंगावर घेताय. चांगली गोष्ट आहे. पण खोटं बोलू नका."

साहित्यिक म्हणून माझा इतका अपमान कोणत्याही समीक्षकाने केला नाही. मी गेल्या सहा वर्षांच्या लेखांचे विषय सांगितले. त्यांना वाटलं, पाठ केले आहेत. शेवटी भाऊने पुढे होऊन उत्तराचा कागद टेबलावर ठेवला.

साहेबांनी तो वाचला. दुसऱ्यांदा वाचला. वरचा पंखा घरघरत होता. 'मार्गदर्शन व्हावे' या ओळीपाशी त्यांचं बोट थांबलं.

"हे कुणी लिहून दिलं?"

"मीच, साहेब."

आता मात्र त्यांना पटलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू खुर्चीखालून कुणी नवाच प्राणी बाहेर आला होता. मग भाऊकडे पाहिलं. मला वाटतं, दीड वर्षात त्यांनी त्याच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"पहाटे चारला येतोस तू?"

"हाव जी."

"बाईसाहेब म्हणाल्या, सहाला येतो."

"सहाले नळ जाते, साहेब."

साहेबांनी कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली. शेवटी म्हणाले, "ही फाइल वर गेली तर?"

मी म्हणालो, "तर खुलासा करावा लागेल, साहेब. आणि तो मलाच लिहावा लागेल."

मी हे उद्धटपणे म्हणालो नव्हतो. वस्तुस्थिती सांगितली होती. पण साहेबांना ते नको तितकं समजलं. त्यांनी नोटिशीवर शेरा मारला: 'कर्मचाऱ्यास तोंडी समज दिली. प्रकरण दप्तरदाखल करावे.' दुसऱ्या दिवसापासून भाऊचं बंगल्यावर जाणं बंद झालं. साहेबांनी पाण्यासाठी पगारी बाई ठेवली. भाऊ त्यानंतरही दुपारी स्टुलावर डुलक्या घ्यायचा, पण ती सवय राहिली होती म्हणून.

चार महिन्यांनी चांद्यापलीकडच्या त्या उपकचेरीत एक जागा भरायची निघाली. कारकुनाची. साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "बदलीचा हुकूम तयार करा." नाव कोणाचं लिहू, असं मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जागेवर येऊन माझ्या बदलीचा मसुदा केला. 'प्रशासकीय सोयीस्तव' हे शब्द इतके चपखल बसले की मलाच कौतुक वाटलं.

तिथे अडीच वर्षं काढली. बायकोची शाळा नागपुरात, म्हणून ती राहिली. मी शनिवारच्या बसने लेख पाठवायचो. त्यांच्यात थोडा फरक पडला असावा. लिहून झालं की मी स्वतःला विचारायचो, यात नोटीस कुणाला येईल? उत्तर 'मला' असं आलं तरच पाकीट बंद करायचो. प्रत्येक वेळी ते जमलं असं नाही. कंटाळा आला की मीही एखाद्या गरीब मास्तरावर हात साफ करून घ्यायचो, आणि बायकोचं पोस्टकार्ड यायचं: 'या आठवड्यात पुन्हा माशी.'

परत आलो तेव्हा भाऊ निवृत्त होऊन गावी गेला होता. एका रविवारी मी एसटीने भिवापूरला उतरून पुढे चार मैल पायी त्याच्या गावी गेलो. अंगणात मिरच्या वाळत घातलेल्या होत्या आणि मला शिंकांवर शिंका येत होत्या. त्याची बायको हसत होती. भाऊने चहा दिला, माझे अलीकडचे दोन लेख वाचले होते त्यांपैकी एक पडला, असं तोंडावर सांगितलं, आणि मग कोनाड्यातून कोरा कागद काढून माझ्यापुढे ठेवला.

"एक अर्ज लिहून द्या जी. गावाले रस्ता पायजे. पावसात बैल बी फसते."

मी पेन उघडलं. माझ्या डोक्यात पहिलं वाक्य तयार झालंही होतं आणि ते चांगलं होतं. भाऊने बहुतेक माझ्या चेहऱ्यावर ते पाहिलं.

"मजाक नका करू बरं का," तो म्हणाला. "सिद्धं लिहा. आमाले हासू नाही पायजे, रस्ता पायजे."

मी सरळ लिहिलं. पाच ओळी झाल्या. त्यांना मला पाऊण तास लागला, दोन कागद फाडावे लागले. भाऊने अर्ज गावकऱ्यांच्या सह्यांसाठी नेला. रस्ता त्यानंतर दोन वर्षांनी झाला. अर्जामुळे की एखाद्या पुढाऱ्याच्या दौऱ्यामुळे, ते मला कळलं नाही, आणि भाऊने ते शोधायच्या भानगडीत वेळ घालवला नाही.